रिचमंडचं रोझी म्युझियम आणि रेड ओक व्हिक्टरी जहाज – आई-बाबांना घेऊन गेले त्याचा रिव्ह्यू

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आई-बाबा आले की सगळ्यांची यादी तीच असते, गोल्डन गेट, लोंबार्ड स्ट्रीट, लिव्हरमोरचं मंदिर, मिलपिटासचा ग्रेट मॉल, आणि मग तिसऱ्या आठवड्यात सगळे सोफ्यावर बसून एकमेकांची तोंडं बघतात. आमच्याकडे पण तेच झालं. बाबा माझगाव डॉकमधून रिटायर झालेत, वेल्डर म्हणून लागले आणि फोरमन होऊन बाहेर पडले, त्यामुळे मॉलमध्ये पण माणूस वर बघून गर्डरचे जॉइंट तपासत असतो. म्हणलं ह्यांना कपडे दाखवण्यात काही अर्थ नाही, जहाज दाखवू. शोधता शोधता रिचमंडचं रोझी द रिव्हेटर होम फ्रंट नॅशनल हिस्टॉरिकल पार्क सापडलं, दुसऱ्या महायुद्धात इथे कारखान्यांत राबलेल्या माणसांचं, खास करून बायकांचं. नाव एवढं लांब आहे की लेक नुसतं "रोझी म्युझियम" म्हणतो, मी पण तेच म्हणते पुढे.

आधी एक क्लिअर करते. नॅशनल पार्क म्हणून डोंगर, झाडं, ट्रेल शोधायला जाल तर हात हलवत परत याल. हे पार्क म्हणजे रिचमंड गावात विखुरलेल्या जुन्या जागा आहेत, कारखाना, यार्ड, मेमोरियल, जहाज, आणि मधे मधे गाडीने जायचं. व्हिजिटर सेंटर फोर्डच्या जुन्या कारखान्याच्या आवारातल्या ऑइल हाऊसमध्ये आहे, पाण्याला अगदी लागून, आणि प्रवेश फुकट. फुकट म्हणल्यावर आई लगेच तयार झाली, तोपर्यंत तिचे गुडघे दुखत होते.

तर पहिलं म्हणजे ही फोर्डची बिल्डिंगच बघण्यासारखी आहे. जवळपास ५ लाख स्क्वेअर फूट, आणि छप्पर करवतीच्या दात्यांसारखं, सगळ्या दात्यांना काचा, म्हणजे दिवसभर वरून उजेड. अल्बर्ट कान नावाच्या आर्किटेक्टने केलेली. आणि उघडली कधी तर १९३१ ला, म्हणजे महामंदी अगदी जोरात असताना. १९२९ च्या ऑक्टोबरात वॉल स्ट्रीट बसला, त्यानंतर दोन-चार वर्षांत हजारो बँका बुडाल्या, १९३३ ला तिथल्या काम करणाऱ्या चार माणसांतला एक घरी बसलेला. अशा वेळी हा एवढा मोठा कारखाना उघडला आणि गाड्या घ्यायला गिऱ्हाईक कुठे होतं? बाबा म्हणाले, "शेड बघूनच कळतं, कुणीतरी मंदीच्या आधी ऑर्डर दिलेली असणार." मग १९४२ च्या फेब्रुवारीत सरकारने साध्या लोकांसाठी गाड्या बनवणं देशभर बंदच केलं आणि हाच कारखाना टँक डेपो झाला. ४९ हजार जीप इथे जोडल्या गेल्या, आणि टँक वगैरे धरून आणखी ९१ हजार गाड्या इथून तयार होऊन जहाजावर चढल्या. जीप म्हणल्यावर बाबांना लगेच महिंद्रा आठवली, तीच ती विलीसची जीप, लढाई संपल्यावर मुंबईत जोडायला लागले ती. आणि गंमत म्हणजे पन्नाशीच्या दशकात फोर्डने इथलं काम हलवलं ते मिलपिटासला, आणि मिलपिटासचा तो कारखाना बंद पडल्यावर त्याचाच झाला ग्रेट मॉल! म्हणजे आधल्या शनिवारी आम्ही ह्याच कारखान्याच्या धाकट्या भावात टीशर्ट शोधत फिरत होतो.

आत फिल्म दाखवतात, मग पोस्टर, वेल्डिंगचे मास्क, जेवणाचे डबे, रेशनची पुस्तकं असं सगळं आहे, आणि रेंजर असतात ते बोलतात. इथे मला सांगायचंय की रेंजरशी बोला, नुसते बोर्ड वाचून निघू नका. आम्हाला भेटले ते साठीचे गृहस्थ होते, आई इंग्लिशमध्ये अडखळली तरी थांबून ऐकत होते. आणि आईने जो प्रश्न विचारला ना, त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहायला बसलेय खरं तर.

ते सांगत होते की १९४० ला पण देशात ८० लाखांच्या आसपास लोक बेकार होते, शेकडा साडेचौदा, आणि १९४४ ला तो आकडा सव्वा टक्क्याच्या आत आला, म्हणजे कामाला माणूस मिळेना. आई मला म्हणाली, "विचार त्यांना, मग हे पैसे आधी कुठे होते?"

मी विचारलं. ते हसले, म्हणाले हा प्रश्न इथे फार कमी लोक विचारतात. मग खुर्ची ओढून बसलेच.

थोडक्यात सांगते, चुकलं तर माझी समज. रूझवेल्ट १९३३ च्या मार्चमध्ये प्रेसिडेंट म्हणून आले, आल्या आल्या बँका काही दिवस बंद ठेवल्या, मग सरकारी कामं काढली, रस्ते, धरणं, शाळा, पोरांना जंगलात झाडं लावायला पाठवलं, आपल्याकडच्या रोजगार हमीसारखंच पण फार मोठ्या प्रमाणावर, नुसत्या डब्ल्यूपीए नावाच्या योजनेत आठ वर्षांत मिळून ८५ लाख लोकांनी काम केलं. लोक तगले. पण १९३७ ला जरा बरं दिसायला लागल्यावर त्यांनाच कर्जाची भीती वाटली, खर्चाला कात्री लावली, आणि १९३८ ला बेकारी परत १९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पेशंट उठून बसला म्हणून औषध बंद केलं आणि तो परत आडवा. आणि हेच सरकार, हाच प्रेसिडेंट, लढाई लागल्यावर कर्ज ४९ अब्ज डॉलरवरून १९४५ पर्यंत २५९ अब्जावर नेतो आणि लोक वर बाँड विकत घेतात, २५ चा बाँड पावणेएकोणीस डॉलरला, शाळेतली पोरं दहा सेंटचे स्टॅम्प चिकटवून वही भरतात. पैसे आधी पण उभे करता आले असते, उभे करायला कुणी तयार नव्हतं. रूझवेल्ट स्वतः १९४३ च्या शेवटी पत्रकारांना म्हणाले होते की जुन्या डॉक्टर न्यू डीलने (न्यू डील म्हणजे मंदीतल्या त्या सगळ्या सरकारी योजना) पेशंटला आतल्या दुखण्यातून उठवलं, पण मग त्याला अपघात झाला तेव्हा ऑर्थोपेडिकवाला डॉक्टर बोलवावा लागला, त्याचं नाव डॉक्टर विन द वॉर, म्हणजे लढाई जिंका. आईला हे एकदम पटलं, कारण तिच्या गुडघ्याचं असंच चाललंय.

आणि दुसरी गोष्ट मला नव्यानेच कळली. आपल्या डोक्यात असतं की ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर, आणि दुसऱ्या दिवशी अमेरिका जागी झाली. तसं नाहीच. १९४० च्या जूनमध्ये फ्रान्स पडलं, इंग्लंडची जहाजं जर्मन पाणबुड्या बुडवत सुटल्या, तेव्हा इंग्रजांनी त्याच डिसेंबरात अमेरिकेत ६० मालवाहू जहाजांची ऑर्डर दिली, त्यातली ३० रिचमंडला. त्यानंतर १९४१ च्या मार्चमध्ये लेंड-लीज कायदा, म्हणजे मित्रदेशांना लढाईचं सामान उसनं द्यायचं. शेजाऱ्याच्या घराला आग लागली तर आपला पाण्याचा पाइप द्यायचा, आधी पैसे मागत बसायचं नाही, हे रूझवेल्टनीच दिलेलं उदाहरण. म्हणजे रिचमंडच्या चिखलात जहाजाचा कारखाना उभा राहिला आणि १९४१ च्या ऑगस्टमध्ये पहिलं जहाज 'ओशन व्हॅनगार्ड' पाण्यात पण गेलं, आणि तोपर्यंत अमेरिका कागदावर लढाईत नव्हतीच! मंदीतून लढाईत देश असा हळूच सरकत गेला, दुसऱ्याची ऑर्डर पुरी करता करता.

हे यार्ड उभारणारा माणूस हेन्री कैसर, ज्याने आधी आयुष्यात जहाज बांधलेलं नव्हतं. रस्त्यांचा कंत्राटदार, मग हूवर डॅम बांधणाऱ्या कंपन्यांच्या गटात, मग ग्रँड कूली डॅम, म्हणजे मंदीतल्या सरकारी कामांवर मोठा झालेला. बाबा पटकन म्हणाले, "म्हणजे हा इथला वालचंद हिराचंद." आणि खरंच की! सोलापूरचे वालचंद, भोर घाटातल्या रेल्वेच्या बोगद्यांची कंत्राटं, आणि मग त्याच लढाईच्या वर्षांत बंगलोरला विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजांचा, नंतर प्रीमियरच्या गाड्या. कैसरने पण लढाईनंतर गाड्या काढल्या. फरक एवढाच की कैसरच्या मागे त्याचं सरकार खंबीर उभं होतं, आणि वालचंदांना इंग्रज सरकारशी एकेका परवानगीसाठी भांडावं लागलं. बाबांनी हे रेंजरना मराठी-हिंदी-इंग्लिश मिक्स करून सांगितलं, त्यांनी चक्क वहीत नाव लिहून घेतलं.

धरण बांधणाऱ्या माणसाला जहाज म्हणजे पण एक बांधकामच. त्याने काय केलं, जहाज घसरगुंडीवर खालून वर एकेक प्लेट लावत बांधायचं सोडून दिलं आणि मोठमोठे तुकडे बाजूच्या शेडमध्ये आडवे ठेवून वेल्डिंग करायचे, मग क्रेनने उचलून जोडायचे. कालपर्यंत शेतात किंवा किराणा दुकानात काम करणारा माणूस सगळं जहाज बांधायला शिकू शकत नाही, पण वेल्डिंगची एक सीम, म्हणजे शिवण, मारायला काही दिवसांत शिकतो. लढाईसाठी एकाच नमुन्याची घाऊक बांधलेली मालवाहू जहाजं म्हणजे लिबर्टी, त्यातल्या पहिल्याला बाल्टिमोरला २४४ दिवस लागले होते, आणि १९४२ च्या नोव्हेंबरमध्ये रिचमंडने 'रॉबर्ट पेअरी' ४ दिवस साडेपंधरा तासांत पाण्यात सोडलं. तो स्टंटच होता, सगळे तुकडे आधी तयार ठेवले होते. पण एकूण ७४७ जहाजं ह्या एका गावाने काढली ते काही स्टंट नाही.

आणि गावाचं काय झालं ते ऐका. जेमतेम २३-२४ हजारांचं गाव तीन वर्षांत लाखावर गेलं. ओक्लाहोमा, आर्कान्सा, टेक्सास, लुइझियाना, कैसरची माणसं जाऊन ट्रेन भरभरून लोक आणत होती. राहायला जागा नाही म्हणून एक पलंग तीन शिफ्टला भाड्याने, एक उठला की दुसरा झोपणार, गादी गार व्हायला वेळच नाही. थिएटरं रात्रभर चालू. बाबा म्हणाले ह्यात नवीन काय, गिरणगावात खानावळीच्या खोलीत हेच होतं, पथारी शिफ्टवर. बायकांसाठी पाळणाघरं मात्र मस्त काढली होती, सरकारी पैशाने. आणि इन्शुरन्स! आज अर्ध्या बे एरियाचा आहे तो कैसर परमनंटे इथूनच मोठा झाला, १९३३ ला वाळवंटातल्या कामगारांकडून दिवसाला पाच सेंट घेऊन डॉक्टर गारफिल्डनी सुरू केलेलं आणि मग यार्डात आलेलं. मला इतके वर्षं कार्डावरचं ते परमनंटे म्हणजे काय ते माहीत नव्हतं. क्रीकचं नाव आहे ते, कुपर्टिनोजवळच्या.

आता रोझी. पोस्टरवरची दंड दाखवणारी बाई सगळ्यांना माहितेय, रिव्हेटर म्हणजे रिपिट, लोखंडी प्लेटी जोडायचे खिळे, मारणारी. बाबा सगळीकडे फिरून आले आणि म्हणाले, "अगं, रिपिट कुठायत? इथे तर सगळं वेल्डिंग." बरोबरच आहे, रिचमंडच्या यार्डात बायका मुख्यतः वेल्डर होत्या, रिपिट मारणाऱ्या विमानांच्या कारखान्यात जास्त. इथली खरी म्हणजे वेंडी द वेल्डर. तिथे वेल्डिंगचा एक जुना मास्क होता, बाबा त्याच्यासमोर बराच वेळ उभे होते, म्हणाले ह्याचा पट्टा कपाळाला कापतो, उन्हाळ्यात घाम डोळ्यात जातो आणि पुसता येत नाही. हे कुठल्या बोर्डावर लिहिलेलं नाही.

आणि बेटी रीड सॉस्किन ह्यांच्याबद्दल नक्की विचारा. ह्या बाई लढाईत युनियनच्या ऑफिसात क्लार्क होत्या, पण काळ्या लोकांची युनियन वेगळी, खालच्या दर्जाची, वर्गणी पूर्ण आणि हक्क अर्धे. म्हातारपणी त्या ह्याच पार्कात रेंजर झाल्या आणि २०२२ ला रिटायर झाल्या तेव्हा १०० वर्षांच्या! त्यांचं म्हणणं असं होतं की रोझी ही गोऱ्या बायकांची गोष्ट आहे, आमच्या घरातल्या बायका गुलामगिरीपासून घराबाहेर राबतच होत्या, आम्हाला कुणी कामाला बाहेर काढावं लागलं नाही. आईने हे ऐकून नुसती मान हलवली. तिची आई ओतूरला दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, तिचं पोस्टर कुणी काढणार. गावातले जपानी वंशाचे फूलबाग करणारे शेतकरी १९४२ ला उचलून छावण्यांत नेले तेही इथे सांगतात, लपवत नाहीत, ह्यासाठी माझा एक स्टार जास्त.

रेशनच्या पुस्तकांपाशी आई रमली. टायर, साखर, कॉफी, मटण, सगळ्याला कुपन. मुंबईत पण रेशनिंग त्याच लढाईत, १९४३ ला सुरू झालं, आपल्याकडे मात्र ते कार्ड घरातून गेलंच नाही, आईच्या कपाटात अजून आहे. लेकाला विचारलं तर तो म्हणाला साखर महिनाभर मोजून? मग आइस्क्रीमचं काय?

मरिना बेमधलं रोझी मेमोरियल जवळच आहे, पाण्यापर्यंत जाणारी वाट, लिबर्टी जहाजाच्या लांबीइतकी, ४४१ फूट. संध्याकाळी छान वाटतं. दहा मिनिटं पुरतात.

जेवणाबद्दल. जवळपासच्या एका ठिकाणी खाल्लं, नाव नाही घेत, सूप गार, सँडविचचे पैसे ऐकून आईने पर्समधले थालीपीठ काढले आणि आम्ही ते बाहेर बाकावर बसून खाल्ले. तुम्ही डबाच न्या. आणि जॅकेट न्या, जूनमध्ये पण वारा असा की ओढणी गेली असती पाण्यात.

आता जहाज. रेड ओक व्हिक्टरी थोडं लांब आहे, यार्ड नंबर ३ च्या बाजूला, गाडीने जायचं. ह्याला तिकीट आहे, ते वेगळी संस्था चालवते, सगळे स्वयंसेवक, बहुतेक रिटायर लोक. १९४४ च्या नोव्हेंबरमध्ये रिचमंडलाच बांधून पाण्यात सोडलेलं, पॅसिफिकमध्ये दारूगोळा वाहायचं. आयोवातल्या रेड ओक गावावरून नाव, त्या छोट्या गावातली फार मुलं लढाईत मारली गेली म्हणून. जिने उभे आहेत, आई दुसऱ्या मजल्यानंतर थांबली, गुडघ्याचा त्रास असेल तर वरच्या डेकवरच फिरा.

बाबा मात्र थेट होल्डच्या, म्हणजे जहाजाच्या पोटात माल ठेवतात त्या जागेच्या, तोंडाशी. हॅचच्या, म्हणजे त्या तोंडाच्या, कोपऱ्यावरून हात फिरवला आणि स्वयंसेवक आजोबांना खूण करून दाखवलं, गोल आहे. ते आजोबा एकदम खूश! मग दोघांचं जे सुरू झालं ते अर्धा तास, बाबांचं इंग्लिश आणि त्यांचे हातवारे. विषय असा की सुरुवातीच्या लिबर्टी जहाजांना तडे जायचे, हॅचचे कोपरे चौकोनी, त्या टोकाला सगळा ताण, त्यात थंड पाण्यात ते पोलाद काचेसारखं ठिसूळ व्हायचं, आणि रिपिट असते तर तडा प्लेटच्या कडेला थांबला असता, पण वेल्डिंगने सगळं एकसंध, त्यामुळे तडा सरळ खालपर्यंत. १९४३ च्या जानेवारीत पोर्टलंडला 'स्केनेक्टडी' नावाचा टँकर धक्क्याला बांधलेला असताना मधोमध मोडला, तो पण कैसरच्याच यार्डातला. म्हणून लिबर्टीनंतर आलेल्या व्हिक्टरी जहाजांत फ्रेममधलं, म्हणजे बॉडीच्या फासळ्यांमधलं, अंतर ३० इंचांवरून ३६ केलं, बॉडीला जरा लवायला जागा. बाबा म्हणाले आम्ही 'गोदावरी' युद्धनौकेच्या वेळी पोरांना पहिलं हेच शिकवायचो, कोपरा दिसला की आधी गोल कर, मग टाका मार.

होल्डमध्ये दारूगोळा कसा रचायचे ते आजोबा सांगत होते, आणि बाबा गप्प झाले. मग म्हणाले, "फोर्ट स्टिकिन." माझगाव डॉकमध्ये लागलेल्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात कुणीतरी जुना माणूस ही गोष्ट सांगायचाच. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, एकाच जहाजात कापसाच्या गाठी, स्फोटकं आणि सोन्याच्या विटा, आग लागली आणि मग दोन धमाके, बंदर उडालं, शेकडो माणसं गेली, आगीच्या बंबांवरचे ६६ जवान गेले, नंतर कितीतरी वर्षांनी गाळ काढताना सोन्याच्या विटा सापडायच्या. ते जहाज कॅनडात प्रिन्स रुपर्टला बांधलेलं, आणि डिझाईन त्याच घराण्यातलं ज्यातली ती पहिली ३० जहाजं रिचमंडने इंग्रजांना दिली. आजोबांना हे माहीतच नव्हतं. त्यांनी मग पोर्ट शिकागोचं सांगितलं, इथून तासाभराच्या आत, १७ जुलै १९४४, म्हणजे मुंबईनंतर तीनच महिन्यांनी, दारूगोळा भरताना स्फोट, ३२० मेले, त्यात २०२ काळे, कारण भरायचं काम त्यांनाच द्यायचे. उरलेल्यांनी परत तसंच भरायला नकार दिला तर त्यांच्यावर खटले, आणि नेव्हीने त्यांना निर्दोष म्हणलं ते २०२४ ला. तिथे पण मेमोरियल आहे, लष्करी जागेत असल्यामुळे आधी बुकिंग लागतं, आम्ही नाही गेलो.

पार्किंगचा प्रॉब्लेम नाही. सॅन फ्रान्सिस्कोहून फेरी पण येते, धक्का फोर्डच्या बिल्डिंगच्या अगदी जवळ. वेळा मात्र बदलत असतात, निघायच्या आधी साइटवर बघा. जहाजावर महिन्यातून एखाद्या रविवारी पॅनकेकचा नाश्ता असतो म्हणे.

एक तक्रार आहे ती एवढीच की मंदीचा भाग पटकन उरकला जातो, यार्ड आणि रोझी ह्यांच्यात माणूस एवढा गुंततो की आधीची दहा वर्षं डोक्यातून निघून जातात. आणि लढाई संपल्यावर यार्डं बंद झाली, बायकांना घरी पाठवलं, गाव परत बेकार, ह्याच्यावर अजून ऐकायला आवडलं असतं, रेंजर नसते तर माझ्या लक्षात पण आलं नसतं. साडेचार स्टार. ७-८ वर्षांच्या आतल्या मुलांना नेलंत तर तासाभरात कंटाळतील, जहाजावर आधी न्या.

निघताना बाबांनी आजोबांना विचारलं की गंज काढायला आणि वेल्डिंगला माणसं घेता का. ते म्हणाले कधीही या. तेव्हापासून रोज सकाळी चहा घेताना विचारतायत रिचमंडला बस जाते का, आणि फ्लाइट २२ तारखेची आहे.